मधला चौकोन

बोट धक्क्याला लागली.
मला ती त्याआधीच लागली होती.
हिरवट तोंडाने उतरले
शेटलंडच्या उत्तरेकडल्या त्या बेटावर,
एका हातात पुस्तकांची बॅग,
दुसऱ्यात बिस्किटांचा जुना डबा.

शाळेत मुलं एकूण नऊ.
मिसेस इंकस्टर मुख्याध्यापिका, त्याच वर्गशिक्षिका,
आणि स्वयंपाकीण आजारी, म्हणून
त्या दिवशी सूपही त्यांच्याच हातचं.
"सकाळपासून खिडकीला नाकं लावून बसलीत," म्हणाल्या,
"लेखिका कशी दिसते ते बघायला."
काचेवर श्वासांचे ठिपके होते. मोजले. आठ.
एक जण पाठ करून बसला होता.

आधी प्रश्न.
तुम्हाला किती पैसे मिळतात?
तुमच्याकडे कुत्रा आहे का? का नाही?
गोष्टीतल्या त्या कोल्ह्याचं पुढे काय झालं?
ओस्लाला वाटायचं, लेखक सगळे मेलेलेच असतात.
तिने माझ्या मनगटाला बोट लावून खात्री केली
आणि बाकीच्यांना मान हलवून कळवलं.

मग डबा उघडला.
सतरा वर्षं हाच डबा, ह्याच वस्तू:
एका हाताचा लोकरी मोजा, कुलूप हरवलेली किल्ली,
कुणाच्या तरी चष्म्याची काडी, ट्रामचं तिकीट.
एक उचला, म्हटलं, आणि ह्या कागदावर लिहा.
कागदावर मी आखलेले तीन चौकोन.
सुरुवात, मध्य, शेवट.
किती शाळांत वाटलेत मी हे चौकोन,
सर्दीवरच्या गोळ्या वाटाव्यात तसे.

उग्नेचे आईवडील लिथुआनियाहून आलेले,
सॅमनच्या पिंजऱ्यांवर कामाला.
तिने किल्ली घेतली आणि स्वतःच्या भाषेत सुटली.
मला ओ की ठो कळेना,
पण पेन्सिल कुठे दाबून चालली
आणि कुठे नुसती घसरली, ते दिसत होतं.
मॅग्नी मोज्यात हात घालून
त्याच्याशीच भांडत बसला. तेही चाललं.

पाठ करून बसलेला तो रॅझमी.
डब्यात त्याने डोकावूनही पाहिलं नाही.
"ह्या तुमच्या वस्तू आहेत."
मिसेस इंकस्टर डोळ्यांनी माफी मागू लागल्या.
बरं, मग तुझी काढ, म्हटलं.
त्याने खिशातून काढली हातभर दोरी,
कोरी करकरीत, एकदाही गाठ न पडलेली.
कसली, ते विचारलं तर ताकास तूर लागू दिला नाही.
जीभ दातांत धरून लिहीत राहिला.
बाहेर वारा सगळं गवत
एकाच बाजूला विंचरत होता.

वाचायची वेळ झाली तेव्हा त्याने वाचलं नाही,
कागद पुढे सरकवला.
पहिल्या चौकोनात:
*रात्री मेंढी ओरडत होती. बाबा म्हणाले दोरी आण. मी धावलो.*
शेवटच्या चौकोनात:
*मी आलो तेव्हा कोकरू होतं. त्याच्यातून वाफ येत होती. दोरी लागलीच नाही.*
मधला चौकोन रिकामा.

मी माझ्या शाळांसाठी राखलेल्या आवाजात विचारलं,
"आणि इथे? इथे काय झालं असेल? कल्पना कर ना."
त्याने माझ्याकडे पाहिलं,
गोठ्यात नाजूक चपला घालून आलेल्या
पाहुण्याकडे पाहावं तसं.
"तेव्हा मी दोरी शोधत होतो," म्हणाला.

सूपमध्ये मीठ जास्त होतं.
कुणी काही बोललं नाही, मीही दोनदा घेतलं.

परतीच्या बोटीवर डबा उघडला तर किल्ली नव्हती.
उग्नेची गोष्ट माझ्या बॅगेत होती,
तेव्हा फिटलं असं धरून चालले.
मंगळवारी दुसरी शाळा, मुलं दोनशे,
कागद कमी पडतील म्हणून पट्टी काढली,
चौकोन आखायला घेतले.
पहिला झाला.
दुसऱ्याची एक बाजू झाली आणि बोट हलली,
पोटातलं सगळं घशाशी आलं.
पट्टी ठेवून दिली
आणि क्षितिजाकडे बघत बसले.
बोट लागली की तसंच करायला सांगतात.