करिता

माहिती अधिकाराचा अर्ज आलाय,
दहा रुपयांचं तिकीट किंचित वाकडं चिकटवलेलं.
अर्जदार सुगंधा भिलारे, माथाडी वसाहत, कोपरखैरणे.
अक्षर शाळकरी, बहुतेक नातीचं.
प्रश्न मात्र बाईचेच.

एक. आमच्या गल्लीच्या तोंडावर पत्रा कुणाच्या आदेशाने ठोकला?
दोन. आत कोण आजारी आहे, हे ठोकणाऱ्याला माहीत होतं का?
तीन. पत्रा काढल्याच्या आदेशाची प्रत मिळावी.

चौथा प्रश्न मी आधी वाचला नाही.

पहिल्याचं उत्तर कपाटात आहे, खालून दुसऱ्या कप्प्यात.
'सार्वजनिक हितास्तव' अशी सुरुवात,
तळाला 'सहायक आयुक्त करिता', आणि त्यावर माझी सही.
साहेब तेव्हा स्वतःच तापाने पडलेले.
मसुदा वरून आलेला, शिक्का टेबलावरचा,
त्या अख्ख्या कागदात
मी हाताने लिहिला तो एवढाच शब्द.

दुसऱ्याचं उत्तर कागदावर नाही.
दिनकर भिलारे, तुर्भ्याच्या कांदा-बटाट्यात बत्तीस वर्षं पाठीवर पोती,
रात्री अडीचला छातीत कळ.
रुग्णवाहिका पत्र्यापर्यंत आली. पकड नव्हती कुणाकडे.
शेवटी पोती ओढायच्या आकड्यानेच
पोरांनी एकेक खिळा उपटला.
चाळीस मिनिटं, असं ते म्हणतात.
आमच्या नोंदीत 'विलंब' हा रकानाच नव्हता.

आणि मी फक्त पत्रेच ठोकले, असंही नाही.
बोनकोड्याच्या एका हळदीला परवानगी दिली होती मीच,
पन्नास माणसं, पाटलाच्या ओळखीवर.
बँडवालेच पन्नास होते.
पुढच्या पंधरा दिवसांत त्या आळीतून
वाशीच्या दवाखान्यात गेलेली नावं मला पाठ आहेत,
परत आलेली कमी पाठ आहेत.
त्या कागदाबद्दल कुणी अर्ज केला नाही.
तिथेही 'करिता'च आहे.

तिसऱ्यासाठी तीन दिवस फायली उपसल्या.
लावल्याचे आदेश एकशे बारा.
काढल्याचा एकही नाही.
पत्रे आपोआप गेले. एक भंगारात,
एक वाऱ्याने नाल्यात,
एक सेक्टर आठच्या इस्त्रीवाल्याच्या डोक्यावर,
अजून वाचता येतं त्यावर, 'प्रतिबंधित क्षे',
पुढचं त्याने कातरलंय, पाऊस आत यायचा म्हणून.
म्हणजे दप्तराप्रमाणे ती गल्ली आजही बंद आहे.
सुगंधाबाई रोज सकाळी दूध आणायला
एका जिवंत आदेशाचा भंग करून बाहेर पडतात.

गल्लीच्या तोंडावर तेव्हा बसवलेला कॅमेरा
मात्र चालू आहे. आणि मोबाइल नंबरांची ती यादी,
कोण कुणाला भेटला, किती वाजता,
'पुढील आदेश होईपर्यंत जतन करावी'.
पुढील आदेश कोण काढणार, विचारलं मी.
साहेब म्हणाले, आता सगळं सुरळीत आहे ना,
उगाच कशाला उकरता?
उद्या पुन्हा काही आलं तर यादी हाताशी असलेली बरी.
तेही खोटं नाही. ती हळद आठवली आणि मी गप्प बसलो.

तीस दिवसांची मुदत. आज एकोणतिसावा.
'मागितलेली माहिती अभिलेखात उपलब्ध नाही'
हे वाक्य टाईप करून ठेवलंय तीनही प्रश्नांपुढे.
मग चौथा वाचला.

चार. आदेशावर सही करणाऱ्या करिता मॅडम
सध्या कुठल्या कार्यालयात आहेत?
त्यांना भेटायचं आहे. तक्रार नाही.
त्या रात्री त्यांना कुणी सांगितलं नसेल
एवढंच विचारायचं आहे.

पंखा फिरतोय. शिपाई चहाचे ग्लास गोळा करतोय.
नातीने तो शब्द नीट गिरवलाय, माझ्यासारखाच,
त ला वेलांटी, आ ला काना.

चौथ्यापुढे मी लिहितो:
मॅडमची बदली झालेली नाही.
दुसरा मजला, खिडकीकडचं टेबल.
दुपारी तीन ते पाच.