जुनं हिरवं

दिवसभरात संकेश्वर शाखेतून सहा फोन:
पावती निघत नाही, माणसं रांगेत उभी,
एक म्हातारी म्हणते, माझे पैसे संगणकानं गिळले.
आणि माझ्यासमोर भिंतीवरचा पडदा
हिरवा. निपाणी हिरवं, चिकोडी हिरवं, खानापूर, नंदगड,
सगळं भाताच्या तरव्यासारखं.

रात्री कलावती हिरेमठ खुर्ची ओढत विचारते, एनातरी?
काय की, मी म्हणतो. सगळं ठीक दिसतंय,
तेच ठीक नाही.

पलीकडं उद्यमबागेत कुणाची तरी भट्टी उघडली.
खिडकीची काच क्षणभर नारिंगी.

मग ट्रेस चालू केला.
डेटाबेसवर नव्हे,
डेटाबेसवर नजर ठेवणाऱ्या त्या एजंटवरच.
म्हटलं, बाबा, आता जे करशील ते मोठ्यानं बोलत कर,
कुठल्या दारावर गेलास, कुणाला हाक मारलीस,
किती थांबलास, काय ऐकलंस.

ओळी पडायला लागल्या,
पत्र्यावर करवंदं ओतावीत तशा.

दोन वाजून चार मिनिटं अकरा सेकंद. निघालो.
अकरा सेकंद. हाक मारली.
एकेचाळीस सेकंद. उत्तर नाही.
एकेचाळीस सेकंद. मागची नोंद वापरली.

मागची नोंद वापरली.
इंग्रजीतलं ते वाक्य
तिनं कन्नडमध्ये वाचलं, मी मराठीत.
दोघंही गप्प.

मला रवळनाथ मण्णूरकर आठवले, आमचे पिग्मी एजंट.
वडगावात मागांच्या गल्लीत सायकलवरून फिरायचे.
दार बंद असलं की स्वतःच्या खिशातले वीस रुपये घालून
कालचाच आकडा आज लिहायचे.
उद्या भेटतीलच की, म्हणायचे.
माणसानं केलं, तर माया म्हणायची.
यानं खिशातलं काहीच घातलं नाही,
चार दिवस नुसता जुना हिरवा रंग लावत बसला.

पण हाक मारत होता कुणाला?

बेलगाम-दोन.
अर्ध्या मिनिटाला एकदा, मंगळवारी दुपारपासून,
बेलगाम-दोन. बेलगाम-दोन.
त्या नावाचं मशीन आता नाही.
स्टेशनावरच्या पाट्या बदलून वर्षं झाली,
मशीनचं तेवढं राहिलं होतं,
ते या मंगळवारी झालं बेळगावी-दोन.
बदललं कुणी?
मीच. चहा पीत, तीन मिनिटांत.
सगळीकडं फिरवलं, एका फाईलीत विसरलो.

आणि घरी मी तिसरंच म्हणतो, आई म्हणते तसं, बेळगाव.
ते तर कुठल्याच फाईलीत नाही.

कलावती हसली नाही.
आमच्या अज्जीचं असंच, म्हणाली,
रेशन कार्डावर एक नाव, बँकेत एक,
आणि ओ द्यायची ती तिसऱ्यालाच.

नाव दुरुस्त केलं. एजंट बंद, एजंट चालू.
निघालो.
हाक मारली.
आतून ओ आली.

आणि भिंत लाल झाली.
संकेश्वर लाल, निपाणी लाल, चिकोडी पिवळं,
नंदगडची कसलीशी व्याजाची मोजणी
सकाळपासून कुलूप धरून बसलेली,
बाकीचे सगळे तिच्यामागं ताटकळत.
इतकं ताजं लाल बघून
मला चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

ट्रेस बंद कर, कलावती दारातून ओरडली.
विसरलोच होतो.
एवढ्यात नऊ जीबी बोलून झालं होतं,
डिस्क काठोकाठ.
आणखी तासभर ऐकत बसलो असतो
तर ऐकण्यानंच सर्व्हर बसला असता.

फाईल पुसली.
त्याआधी कालच्या पावतीच्या पाठीमागं
एक ओळ उतरवून खिशात टाकली, कशाला ते कळलं नाही:
उत्तर नाही. मागची नोंद वापरली.

मग नंदगडच्या मॅनेजरला फोन लावला.
पावणेतीन वाजले होते. रिंग जात होती.