चारशे त्रेचाळीस नंबरचं दार

पतसंस्था बुडाली तेव्हा लिलावात निघालेला हा डबा.
बाजूवर पांढऱ्या रंगात अजून : कॅश काउंटर दोन.
आठ जीबी मेमरी, एक पंखा, तोही कुरकुरणारा.
उदगीरच्या आमच्या दोन खोल्यांत
त्याला जागा मिळाली जवारीच्या पिंपावर,
कारण तिथं वारा येतो
आणि पत्र्याच्या पिंपावर उंदीर चढत नाहीत.

काय कराललास रात रात? माय विचारते.
गाव वसवाललाव, मी म्हणतो.
आधी पाण्याचं बघ, ती म्हणते,
नळ येऊन आठ दिवस झाले.

लातूरच्या हपिसात पक्का पत्ता मागितला
तर काउंटरवरचा पोरगा हसला.
घरगुती गिऱ्हाइकाचा पत्ता रोज बदलतो, काका,
पक्का पाहिजे तर दुकानाचा परवाना आणा.
रोज बदलणारा पत्ता.
आमचा आजा टोपल्या विणत गावोगाव फिरला,
त्याच्या बिऱ्हाडाचा पत्ता
फक्त गाढवाला ठाऊक असायचा.

शेवटी बसवराज लाइनमननं
खांबावर बसूनच कुणाला तरी फोन लावला
आणि मला मिळाले चार आकडे, मधे टिंबं.
रेशन कार्डाच्या मागं लिहून ठेवले.

मग दार उघडलं, चारशे त्रेचाळीस नंबरचं.
कुणी आलं नाही.
तीन दिवस मीच लिहायचो, मीच वाचायचो,
मीच माझ्या गावचा सरपंच, कोतवाल आणि येडा.
चौथ्या रात्री एस्टोनियातल्या,
मधमाश्या पाळणाऱ्या कुण्या बाईनं विचारलं,
हे कुठलं गाव?
तिच्या घरच्या डब्यातून निघालेलं वाक्य
कुठल्या शेठच्या ओसरीवर न टेकता
थेट आमच्या जवारीवर उतरलं.
मी मायला उठवलं. ती म्हणाली, बरं. आणि झोपली.

मग मेहरुन्निसा आपा आल्या, ब्लाउजचे गळे घेऊन.
देगलूर रोडचा पंक्चरवाला आला, तो फक्त ढगांचे फोटो टाकतो.
पॉलिटेक्निकची पोरं आली.
सदतीस माणसं, एका पंख्याच्या वाऱ्यावर.
आणि रामेश्वर,
माझा चुलतभाऊ, ज्यानं ट्रॅक्टरची बॅटरी दिली होती
लाइट गेल्यावर डबा चालावा म्हणून.

आपांच्या फोटोखाली त्यानं जे लिहिलं
ते इथं लिहीत नाही.

पडद्यावर एक बटण : बंद करा.
खाली बारीक अक्षरांत : खात्री आहे का?

धुरपतआत्याला पंचांनी वाळीत टाकलं
तेव्हा लिंबाखाली पाच पागोटी होती.
नऊ वर्षं तिच्या दारातल्या तांब्याला
कुणाचा हात लागला नाही.
तिला माझ्या मुंजीएवढ्या वयात
मी लांबूनच बघायचो, दगडावर बसून.
पंचांना कुणी विचारलं नव्हतं, खात्री आहे का.

मी बटणावर बोट ठेवून बसलो.
पिंपावरचा पंखा कुरकुरत होता.
सकाळी त्याच्या दारात गेलो, आधी चहा घेतला.
रामेश्वर, म्हटलं, या डब्यातून जा म्हणाललाव,
घरातून नाही, पंगतीतून नाही.
आपांच्या पाया पड, मग परत ये.
तो काही बोलला नाही.
माझ्या मागं मागं आला
आणि बॅटरी उचलून घेऊन गेला.
मग मी बटण दाबलं.
हात हलका झाला नाही.

संध्याकाळी सात वाजता लाइट गेली.
पंखा थांबला तेव्हा कळलं
घरात किती दिवसांनी शांतता आली ती.
सदतीस माणसं अंधारात.
तिकडं कुठं मधमाशीवाल्या बाईचा डबा
थोड्या थोड्या वेळानं दार वाजवत असेल,
त्या डब्यांची रीतच तशी आहे,
एकदा उत्तर आलं नाही म्हणून परत फिरत नाहीत.

माय कंदील घेऊन आली.
बंद हाय तवर खाली काढ, म्हणाली,
मला जवारी घ्यायची हाय.
मी डबा दोन्ही हातांनी उचलला,
अजून कोमट होता.
तिनं झाकण काढलं,
पायलीनं एकेक माप घेऊ लागली
आणि मी उभा,
गाव कडेवर घेऊन.