शेऱ्याचा रकाना

सकाळी आठला मोजपट्टी वाचतो.
पाणी कालच्याहून दोन बोटं खाली.
पातळी, साठा, आवक, विसर्ग,
रकाने भरत जातात. शेवटचा उरतो: शेरा.
सत्तावीस वर्षं तिथं मी ‘निरंक’ लिहिलं.

मग व्यंकट गेला शांतिसेनेत,
थोरल्या बहिणीचा मुलगा, हेलिकॉप्टरचा मेकॅनिक.
नाईलच्या दलदलीत, जिथं अभयारण्याला
ना फाटक, ना रस्ता, ना तिकिटाची खिडकी.
वर्षातले सात महिने जमीनच सापडत नाही, म्हणाला.
रात्री त्याचे निरोप येतात, मागे जनरेटरची घरघर:

“मामा, इथं लव्हाळा हाय,
पण दोन माणसं एकावर एक उभी केली तरी बुडतील एवढा.
त्याच्यात एक पक्षी उभा राहतोय.
राखाडी. सातवीतल्या पोराएवढा उंच.
चोच म्हणाल तर जुनी वहाण तोंडाला बांधल्यागत.
तासभर हालला नाई.
मला वाटलं उभ्या उभ्या मेला का काय.
आन् एकदम, मामा, सगळाच्या सगळा पडला की पाण्यात,
उठला तर तोंडात हा एवढा मासा
आन् वरून बचकभर गवत.”

धरणाच्या भिंतीवर बसून तो निरोप मी तीनदा ऐकला.
खाली फुगवट्यात, बुडालेल्या गावच्या
चिंचेचा शेंडा अजून वर आहे, वाळलेला,
त्यावर पाणकावळे पंख वाळत घालून बसलेले.
हे तर मी रोज बघत होतो.
कुणाला सांगण्यासारखं आहे, हे ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी शेऱ्यात लिहिलं: पाणकावळे, एकोणीस.

मग सवयच लागली.
गाळपेरीच्या हरभऱ्याकडेला चक्रवाक, एक जोडी.
चिखलात शेकाटे, तांबड्या काड्यांवर तोल धरून.
सांडव्यावर धोबी, शेपटीनं कसलासा हिशेब करत.
तारखेसह व्यंकटला पाठवत गेलो.
तो म्हणाला, “शेकाट्या इथंबी हाय की!
त्याच काड्या, तीच कटकट.
इथले लोक त्याला काय म्हणतेत, विचारून सांगतो.”
अजून सांगितलेलं नाही.

डोईफोडे मॅडमनी रजिस्टर उघडलं.
एक पान उलटलं, आणखी एक.
“लिंबाजी, पक्षी आपल्या खात्यात येत नाहीत.”
“येतात मॅडम,” मी म्हणालो, “ऑक्टोबरपासून.”
त्या हसल्या नाहीत.
सही मात्र केली, नेहमीपेक्षा थोडी खाली,
पाणकावळ्यांना जागा सोडून.

कार्तिकात एका संध्याकाळी
खोलीमागच्या बाभळींवर ससाणे उतरले.
छोटे, लाल पायांचे.
दोनशेपर्यंत मोजले आणि मग मोजणं सोडलं.
हवेतल्या हवेत चतुर धरून खात होते.
मासेमारीचा हसनभाई म्हणाला, उद्या नसतील हे.
समुद्र ओलांडायचाय यांना, पार आफ्रिकेत.
तुला कुणी सांगितलं?
त्यानं जाळं झटकलं.
“दरसाल बघतो. एकच रात्र थांबतात.
एवढ्या घाईत माणूस एक तर घरी जातो,
नाहीतर घरापासून लांब.”

पहाटे बाभळी रिकाम्या.
खाली चतुरांचे पंख,
आरपार दिसणारे, दवानं मातीला चिकटलेले.

तीन आठवडे व्यंकटचा निरोप नव्हता.
तिकडं पूर, टॉवर आडवा, असं बहीण म्हणाली,
तिलाही कुणीतरी सांगितलेलं.
मी आपलं बोलून ठेवलं:
लाल पाय आहेत, कबुतराहून लहान. दिसले तर बघ.

काल आला.
“नाई दिसले, मामा.
ते म्हणे लांब पूर्वेकडून जातेत, आमच्यावरून नाई.
पण आता काम करता करता
मान आपोआप वर जायली.
परवा त्याच्यापायी पाना पडला पायावर.”

आज पाणी आणखी एक बोट खाली.
शेरा: ससाणे गेले.
पोचल्याची नोंद नाही.