दोन वाजून दहा मिनिटं

ऑलेसुंदच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या वर
आमचं ऑफिस. खिडकी उघडली की कॉडचा वास,
लावली की कॉफीचा.
आम्ही माशांच्या लिलावाचा हिशेब ठेवतो:
कुठली बोट, किती पेट्या, किती किलो, कुणी घेतल्या.
एवढंच.
आणि एवढ्यासाठी सात भाषा.

जो आला तो आपापली घेऊन आला.
टोरगेअर रूबी घेऊन आला,
आणि ती इथेच ठेवून ट्रॉन्डहाइमला गेला.
कुणी तीन फायलींपुरती एर्लांग आणली,
कुणी, मला शंका आहे, निव्वळ पैजेखातर हास्केल.
बारा गावचं पाणी प्यायलेला कोड.
रात्री बिघडला की आधी हे ठरवायचं,
उठवायचं कुणाला.

जानेवारीत ओडवारनं फळ्यावर सात नावं लिहिली
आणि पाचांवर काट मारली, न रागावता.
"आपण चौघं," तो म्हणाला,
"माणसांपेक्षा भाषा जास्त झाल्या."
यावर कोण काय बोलणार?

रूबी फेब्रुवारीत गेली.
हास्केल मला शेवटच्या आठवड्यात कळली,
आणि मग पुसायला हात होईना. पुसली.

माझ्या वाट्याला पर्ल आली.
तीनशे बारा ओळी, राग्नफ्रिडच्या.
ती आता गिस्के बेटावर मेंढ्या पाळते.
रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
तिचा प्रोग्रॅम उठतो, शीतगृहातल्या पेट्या मोजतो,
पुन्हा झोपतो. एकोणीस वर्षं.

मी एकेक ओळ घेऊन पायथनात लिहीत गेले,
डॉलरची चिन्हं वेचून टाकत,
काटे काढावेत तशी.
दोनशे सातव्या ओळीवर एक शेरा,
या किनाऱ्याच्या बोलीत,
जी माझे वडील फक्त भावाशी फोनवर बोलत:
"हात लावशीला तर बघ.
आक्टोबरात ह्यो तास दोनदा येतुया."

मी हात लावून बसले होते.
फोन केला. आधी वारा, मग ती.
"अजून चालतोय तो?"
मग हसली. "एकदा चारशे पेट्या दोनदा मोजल्या त्यानं.
नसलेले मासे विकले आपण, बर्गनच्या एकाला.
त्याला अजून नाताळला कार्ड धाडते."
"शेरा ठेवू?"
"शेऱ्याचं काय घेऊन बसलीस, तास बघ तू."

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. मी एकटी जागी.
दोन दहा: अकराशे चाळीस पेट्या.
मग तीनचे दोन झाले.
पुन्हा दोन दहा.
नवा प्रोग्रॅम उठला, इकडेतिकडे पाहिलं,
आणि काही न बोलता पडून राहिला.

आता दोन भाषा. नवी आलेली यागोदा
मंगळवारी दुपारपर्यंत सगळं वाचून मोकळी.
फक्त एका जागी बोट ठेवून विचारलं,
"ही कुठली?"

ओडवारच्या फळ्यावर ती नव्हतीच.