चारशे ग्रॅम

सोमवार ते शुक्रवार मी मांस तोलते,
शनिवारी माणसं.
काटा वेगळा, हात तोच.
दुकानात दोन ग्रॅम जास्तच टाकते, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून;
इथे, वेलेन्येच्या शाळेच्या जिममध्ये,
गुंडाळलेल्या गाद्यांशेजारी मांडलेल्या काट्यावर
कुणाला दोन ग्रॅमची सूट नाही.
शेराला सव्वाशेर भेटतो म्हणतात.
इथे सव्वाशेराला उचलून
पुढच्या गटात ठेवतात.

अठ्ठेचाळीस, बावन्न, छप्पन्न.
मुली येतात मोजे काढून, कानातले काढून.
एक तर श्वास सोडून उभी राहिली,
जणू हवेचंही वजन मी पकडीन.

मग ब्रिना. गट साठच्या आतला.
काटा म्हणाला, साठ चारशे.
मी शून्यावर आणून पुन्हा उभं केलं. साठ चारशे.
ती माझ्याकडे बघत होती, मी आकड्याकडे.
एक तास आहे, म्हणाले. नाहीतर पासष्टमध्ये जा.
"पासष्टमध्ये ताया आहे."
एवढंच बोलली.

प्लास्टिकचं जाकीट चढवून ती पार्किंगमध्ये धावली,
साचलेल्या बर्फाच्या कडेकडेने,
तोंडात च्युइंगम, हातात थुंकायला कागदी पेला.
खिडकीतून दर दोन मिनिटांनी दिसायची,
दर वेळी थोडी कमी.

तिचं हे पहिलंच लो-किक.
तीन वर्षं फुल कॉन्टॅक्ट खेळली, लांब पँट घालून.
तिथे लाथ कमरेच्या वर;
कमरेखालचं सगळं घरचं, झाकलेलं.
आता आखूड चड्डी, मांड्या उघड्यावर.
परवा झ्वोनेने तिला भिंतीशी उभं केलं
आणि खडूने रेघा ओढल्या: इथून इथपर्यंत.
मांडी चालेल, आतून, बाहेरून.
गुडघा नाही. गुडघ्यावर मारलंस
तर टॉवेल मीच फेकीन.

झ्वोनेचा स्वतःचा गुडघा वाकत नाही.
कोळशाच्या खाणीत एकोणीस वर्षं;
एका रात्रपाळीला छत खाली आलं.
त्याला रेफरी नव्हता.
गुडघ्याच्या वर की खाली, त्याने विचारलं नाही,
आणि त्याचं वजन आधी कुणी केलं नव्हतं.
हे तो सांगत नाही, मी सांगतेय.
तो फक्त म्हणतो, नियम चांगली गोष्ट आहे गं,
आणि खडू खिशात टाकतो.

तास संपायला चार मिनिटं.
एकोणसाठ नऊशे ऐंशी.
मी हसले. ती नाही.

समोर प्तुयची मारुशा, काट्यावर पहिल्याच फटक्यात
बरोब्बर साठ.
दोघींचं वजन सारखं; पण ते
कुठून आणलं, कुठे ठेवलं,
हे काटा सांगत नाही.
ब्रिना लांब पँटच्या सवयीने उभी राहिली,
डावा पाय पुढे, रुजलेला.
दुसऱ्या फेरीत तो आवाज आला.
मी ओळखते तो: ओट्यावर ओला तुकडा पडल्याचा.
एक. मग त्याच जागी दुसरा. मग मोजणं सोडलं.
तिसऱ्या फेरीत ती उठली, मारलंही चांगलं,
सगळं रेघांच्या आत.
दोन पंच लाल, एक निळा.
ब्रिना निळी होती.

सोमवारी दुकान उघडायच्या आत दारात,
डावा पाय ओढत.
"वासराची कलेजी द्या."
किती?
"चारशे ग्रॅम."
मी कागदावर ठेवली. तळहाताएवढी, काळसर लाल.
ती वाकून बघत राहिली बराच वेळ.
"एवढीशीच होती?"
मागे एक म्हातारा खाकरला.
"पाचशे करा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी
मी पासष्टमध्ये आहे."

मी सहाशे बांधली, पैसे पाचशेचे घेतले.
मापात पाप आहे, ठाऊक आहे.
शनिवार अजून लांब आहे.