दुभाषी

जिभेला हाड नसतं म्हणतात.
माझ्या जिभेला पगार होता :
महिना बारा अशर्फ्या, चवथीला धोतरजोडी.

पणजीच्या जकातघरात, मांडवीकडच्या खिडकीखाली,
मी सावंतवाडीची पत्रं फिरंग्यांना वाचून दाखवायचो
आणि फिरंग्यांची वाडीकरांना.
कुणाची गुरं कुणाच्या हद्दीत चरली,
कुठला बंडखोर कुठल्या देवळात लपला.
‘उभयतांचा स्नेह चंद्रसूर्य असेतो’
हे वाक्य एका सालात मी एकोणीस वेळा लिहिलं.
त्यातलं निम्मं बंदुका चालू असताना.

भाद्रपदात नदीचं तोंड नुकतं उघडलं होतं.
मोझांबिकहून गुइया नावाचं गलबत आलं,
आणि त्याच्या पाठीवर, आग्वादच्या बाहेर,
इंग्रजांचं लढाऊ जहाज.
कप्तान हॅलिडे मेणकापडात करार गुंडाळून आला.
म्हणाला, गुलाम आहेत.
सेक्रेटारी मेनेझिस म्हणाला, आमच्या निशाणाखाली गुलाम नसतात,
चाकर असतात, बाप्तिस्मा झालेले, यादीसकट.

मी मध्ये. वेंगुर्ल्याच्या छावणीत शिकलेली इंग्रजी,
पाद्रीकडून शिकलेली पोर्तुगीज.
‘गुलाम’ तिकडे नेताना ‘चाकर’ झाला,
‘चोर’ परत आणताना ‘गैरसमज’.
दोन तास भांडण चाललं ते माणसांवर नव्हे :
किल्ल्याच्या तोफेच्या टप्प्यातलं पाणी कुणाचं,
कुणी कुणाच्या डेकवर चढायचं,
आणि चढताना टोपी काढायची का.

ती तेवीस जणं अंगणात, तराजूपाशी,
हस्तिदंतांवर खडूचे आकडे पडत होते त्याच्या शेजारी.

मला खाली धाडलं. विचारून या,
स्वखुशीने आलात का?
दीवचा एक खलाशी मदतीला, त्याला त्यांची बोली
मिठाइतकी येत होती.
शेवटी एक पोर, नऊ-दहा वर्षांची.
यादीत नाव फेलिझार्दा.
म्हटलं, तुझं खरं नाव काय?
ती माझ्याकडे बघत म्हणाली, माजी.
पुन्हा म्हणाली, माजी, माजी.
मला ऐकू आलं, माझी.
माझी काय? कुणाची माझी?
खलाशी तोवर तंबाखू मळायला गेला होता.

मोडी लिहिताना लेखणी उचलायची नसते.
मी तेवीस नावांपुढे उचलली नाही.
होय होय होय होय,
एकच लांबलचक नागमोडी रेघ,
वरून पाहिलं तर भरतीची खूण वाटावी.

तोडगा निघाला, निघतोच.
गलबतावर उरलेले चौदा इंग्रजांनी मुंबईला नेले,
एकवीस तोफांची सलामी झाली, कावळे उडाले.
अंगणातले तेवीस अंगणातच राहिले,
मग पणजी, रायबंदर, सांतिनेझच्या घरांत वाटले गेले.
दोन्ही बाजूंनी माझ्या भाषेची तारीफ झाली.

वीसेक वर्षांनी रायबंदरच्या धक्क्यावरून
एक बाई ओसरीशी आली. मुक्ततेचा कागद वाचून द्या.
कोंकणी माझ्याहून सणसणीत.
मी वाचलं : स्वखुशीने आली, स्वखुशीने राबली,
आता स्वखुशीने जात आहे.
तिनं विचारलं, हा शब्द कितीदा आहे?
तीनदा.

मग मी विचारलंच, ते माजी म्हणजे काय?
तिला आठवेना. कुठलं माजी?
आणि एकदम आठवलं. हसली.
पाणी, म्हणाली. आमच्यात पाण्याला म्हणतात.

त्या दिवशी खिडकीत माझा तांब्या होता.
सोवळ्यातला, भरलेला,
तिच्या डोक्यापासून हातभर उंचीवर.
तो तिला दिसत होता हे मला वीस वर्षांनी दिसलं.

मी घरात हाक मारली, पाणी आणा.
नको, म्हणाली, होडी सुटेल.
वाचणावळीचे दोन तांगे
ओसरीच्या कडेला ठेवले,
कागदाची घडी चोळीत खोचली.

तांगे अजून तिथेच आहेत.
सुनेला सांगितलंय, झाडताना हलवू नको.
कारण विचारते. सांगता येत नाही,
एकाही भाषेत.